दंडारीची वही दाखल झाली

धान कापून झालं, अर्धं अजून खळ्यावर आहे, आणि मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू झाल्यात. भाऊबीज उलटली की आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, कोणाचा पाय घरात ठरत नाही. वडशाच्या नाटक कंपन्यांची पोस्टरं चौकाचौकात लागलीत. खेळ संपला की पोरं ती जपून काढून वाचनालयात आणतात. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणेंना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली, त्या बातमीचं कात्रणही तिथंच भिंतीवर आहे.

आमचं वाचनालय ‘ड’ वर्गाचं, म्हणजे सगळ्यात लहान. एक खोली, दोन कपाटं.

आज शेजारच्या टोलीवरचे आबाजी दंडारीची, म्हणजे इथल्या गाण्या-नाचाच्या लोकनाट्याची, वही घेऊन आले. लांबट, किराणा दुकानात असते तशी, लाल कापडाची. “माह्या बाच्या हातचं हाये हे,” म्हणाले. गाणी काळ्या शाईत, पात्रांची नावं लाल शाईत. समासात ठिकठिकाणी ‘ढोलकी थांबवा’. पानांच्या कोपऱ्यांना रॉकेलचे डाग. रात्री गॅसबत्तीजवळ धरून वाचलेली वही ती. मागच्या पानांवर झडत्या, पोळ्याला बैलांपुढे म्हणतात त्या.

लिखाण सगळं आमच्याकडं बोलतात तसं, पाण्याला पानी, डोळ्याला डोरा, काळ्याला कारा. शाळेत हेच बोललं तर टोकतात म्हणून पोरं गप्प बसतात. पाठ्यपुस्तक वाचताना अडखळणारी आमची सातवीतली एक पोरगी आज तीन पानं धडाधड वाचून गेली. आबाजी मांडीवर ठेका धरून बसले होते, मधेच चाल सांगत होते. मला फार बरं वाटलं. वाचनालय हवं ते याचसाठी.

तेराव्या शतकात अमरावतीकडच्या ऋद्धपुरात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी माणसामाणसाला विचारून गोळा केल्या, तेव्हा ‘लीळाचरित्र’ उभं राहिलं. आपल्या विदर्भाचंच काम ते. मग झडत्या म्हणणारी म्हातारी माणसं आहेत तोवर आपणही विचारत का फिरू नये? चाल तर वहीत उतरतच नाही, ती मोबाइलवर भरून घ्यावी लागेल.

अनुदानाच्या हिशेबात अशी वही धरतात की नाही, त्याची वाट न बघता मी ती दाखल रजिस्टरात चढवली. लेखकाच्या रकान्यात वडिलांचं नाव लिहायला घेतलं तर आबाजींनी हात धरला. बाने फक्त उतरवून घेतलं, गाणी त्याच्याही आधीच्यांची. म्हणून ‘गावची दंडार’ लिहिलं, आणि खाली ‘उतरवून घेणार’ म्हणून वडिलांचं नाव. रविवारी ते चाली सांगायला येणार आहेत, ढोलकीवाल्यालाही निरोप धाडलाय.