नॉलेज बँकेचा अशील कोण?

लॉ फर्ममध्ये नॉलेज मॅनेजमेंटची यंत्रणा, म्हणजे जुन्या कामातले चांगले मसुदे सगळ्यांना शोधता येतील अशी नॉलेज बँक, उभी करायची म्हटलं की सगळे आधी सॉफ्टवेअर कोणतं घेतलं ते विचारतात. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. डेमो पाहिले, एक घेतलं, बसवलं. आमचं घोडं अडलं ते अकाउंट्समध्ये, टाइमशीटच्या एका कोडवर.

जुन्या करारांतून, ओपिनियनमधून चांगले मसुदे निवडायचे, त्यांतली अशिलांची नावं आणि रकमा काढायच्या, अमुक कलम का टाकलं याची टीप लिहायची, हे काम वकिलालाच जमतं. आणि वकिलाचा तास सहा-सहा मिनिटांच्या दहा भागांत मोजला जातो. प्रत्येक भाग कुठल्या तरी मॅटरवर, म्हणजे अशिलाच्या एखाद्या प्रकरणावर, टाकावा लागतो. मसुदे नीट लावण्यात दुपार घालवली आणि ती टाइमशीटवर दिसलीच नाही, तर वर्षाअखेरीला तोच माणूस कामचुकार ठरतो. कोण करेल मग? म्हणून वेगळा नॉन-बिलेबल कोड, म्हणजे ज्याचं बिल कुठल्याच अशिलाला जात नाही असा, हवा होता. पार्टनर मीटिंगमध्ये सगळ्यांनी माना डोलावल्या.

कोडचा फॉर्म उघडला. पहिलाच रकाना: अशिलाचा क्रमांक, अनिवार्य. अशील कुणीच नाही म्हणून शून्यं भरली. फॉर्म परत. मेलवर सविस्तर समजावलं, तर उत्तर एका ओळीचं: 'कृपया फॉर्म पूर्ण भरावा.' शेवटी फर्मलाच अशील म्हणून नोंदवायचं ठरलं. त्यात वावगं काही नाही, अंतर्गत कामासाठी असे क्रमांक ठेवतातच. पण नवा अशील म्हटल्यावर कॉन्फ्लिक्ट चेक आला, म्हणजे नव्या अशिलाचं हित फर्मच्या दुसऱ्या अशिलाच्या आड येत नाही ना, याची तपासणी! तिथे 'विरुद्ध पक्ष' हा रकाना. 'लागू नाही' लिहिलेलं सिस्टिम घेईना. त्यात फर्मचं नाव शोधल्यावर जवळपास प्रत्येक मॅटर निघालं, आणि निघालेली प्रत्येक नोंद कुणीतरी पाहून 'हरकत नाही' म्हणायची. आम्हीच आमच्या विरोधात नाही, हे आम्ही आम्हालाच लेखी देत बसलो. तोवर सुरुवातीला हौसेनं मसुदे देऊ म्हणणारे ज्युनियर आपापल्या तारखांना लागले होते. सीनियर पार्टनरनी अकाउंट्सला एक फोन केला आणि संध्याकाळपर्यंत कोड मिळाला. राग आहे तो याचाच.

तेव्हा सॉफ्टवेअरची ऑर्डर देण्याआधी कोड काढून घ्या, आणि अकाउंट्सच्या प्रमुखांना पहिल्याच मीटिंगला बसवा. कोडवर टाकलेले तास मूल्यमापनात धरले जातील, हेही लेखी घ्या. नुसत्या कोडला कुणी विचारत नाही.

जुना शेअर्ड ड्राइव्ह हलवताना फोल्डरात फोल्डर असतील तर सावध राहा. विंडोजमध्ये बऱ्याच ठिकाणी फाइलचा पूर्ण पत्ता 260 अक्षरांच्या पुढे गेला की कॉपी अडते, आणि वकील फाइलला नावं परिच्छेदाएवढी देतात. स्कॅन केलेल्या पीडीएफचं ओसीआर करून घ्या, म्हणजे चित्रातली अक्षरं मजकुरात बदलून घ्या, नाहीतर त्यातला मजकूर सर्चमध्ये येणारच नाही.

एआयला उत्तरं द्यायला लावणार असाल तर प्रत्येक उत्तराखाली मूळ कागदाची लिंक हवीच. 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टानं चॅटजीपीटीनं रचलेले खोटे निवाडे दाखल केल्याबद्दल दोन वकिलांना आणि त्यांच्या फर्मला मिळून 5,000 डॉलर दंड केला होता.

आणि हे खरं तर आधी सांगायला हवं होतं: कुठल्या टीमनं कुठलं मॅटर पाहायचं नाही, त्या भिंती सर्च सुरू करण्याच्या आधी घाला. आमच्याकडे त्याची यादी कॉन्फ्लिक्टवाल्यांकडे तयारच होती, मागितल्याबरोबर मिळाली. तिला कुठलाही फॉर्म लागला नाही.