सुटला म्हणे

मंगळवार, रात्री

"राहू दे हो आता. मुलीला सांगितलंय आम्ही, तो रानात गेला, मित्रांकडे. आणि दुसरा आणलाय."

बाई फोनवर इतक्या सौम्यपणे बोलल्या की रागवायला जागाच उरली नाही. दुपारपासून तेच वाक्य डोक्यात घोळतंय. 'दुसरा आणलाय' याचं फारसं वाटत नाही. पिंजरा रिकामा बघवत नाही, माणसं दुसरा पक्षी आणतात, आणू देत. पण रान? कुठलं रान, कोण मित्र?

खोक्यातला पाहुणा म्हणजे त्यांचा हरवलेला कॉकटील, तुरा असलेला छोटा पाळीव पोपट. करडा आहे, तोंड पिवळंधमक, गालांवर केशरी ठिपके, शेपटीखाली पट्टे नाहीत. म्हणजे नर. आला त्या संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर भरला ६८ ग्रॅम. धडधाकट कॉकटील ८० ते १०० भरतो. छातीवरून बोट फिरवलं की मधलं हाड सुरीच्या पात्यासारखं लागतं, दोन्ही बाजूंचं मांस गेलेलं. विष्ठा अगदी थोडी आणि गर्द हिरवी. पोटात दाणा गेलेला नसला की अशीच पडते. समोर राळे टाकले तरी पहिला तासभर बघत नव्हता. मग वर्तमानपत्रावर दाणे पसरून त्यांत बोटाच्या नखाने टकटक करत राहिले, कुणी दुसरा पक्षी टिपतोय असं वाटावं म्हणून. एकट्याने खायची याला सवय नसते, कुणीतरी खाताना दिसलं की चोच खाली जाते. तशी गेली.

कॉकटील मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या, मोकळ्या मुलखातला. तिथे तो थव्याने राहतो, जमिनीवर उतरून गवताचं बी वेचतो, पाणी कुठे आहे ते थव्याला ठाऊक असतं. आपल्याकडचे हे सगळे पिंजऱ्यात जन्मलेले, यांचे आईबापही पिंजऱ्यातलेच. यांच्या लेखी दाणा म्हणजे वाटीतला दाणा. पणजीजवळच्या ताळगावच्या शेतात सध्या भात भरायला लागलंय, मुनियांचे थवे त्यावर उतरतात, आणि त्याच शेताच्या कडेला विजेच्या तारेवर हा उपाशी बसून राहू शकतो. लोंबीत खायचं असतं हे त्याला कुणी दाखवलेलंच नाही. त्यात कावळे. एकटा, फिकट रंगाचा, मोठ्याने साद घालणारा पक्षी त्यांच्या नजरेतून सुटत नाही. इतके दिवस हा तगला तो बहुतेक कुठल्यातरी गच्चीवर कबुतरांसाठी टाकलेल्या बाजरीवर. बजी असता, म्हणजे छोटा बजरीगर पोपट, ३०-४० ग्रॅमचा जीव, तर एक-दोन दिवसांच्या उपासातच संपला असता.

म्हणून ते 'सुटला' मला सहन होत नाही. या शब्दाने मनाची समजूत निघते आणि शोध थांबतो. ज्या दोन दिवसांत पक्षी सापडायचा, नेमक्या त्याच दोन दिवसांत माणसं 'सुटला बिचारा' म्हणून दार लावून घेतात.

तो लांब गेलेला नसतो. बहुतेक वेळा पहिल्या दिवशी हाकेच्या अंतरावर असतो, पण दिसत नाही आणि खाली येत नाही. लोकांना वाटतं, आपण बोलावतोय आणि तो मुद्दाम येत नाही, म्हणजे त्याला यायचंच नाही. तसं नसतं. घरात वाढलेल्या पक्ष्याने कधी माडाच्या उंचीवरून खाली झेप घेतलेली नसते. वर चढणं भीतीने जमून जातं. उतरायला मात्र अंगात सराव लागतो, तो त्याच्याकडे नसतो. अशा वेळी झाडाच्या बुंध्याशी उभं राहून हाका मारल्या तर त्याला सरळ खाली पडायला सांगितल्यासारखं होतं. लांब उभं राहावं, त्याला तिरप्या रेषेत उतरता येईल अशा जागी, शक्य तर शेजारच्या गच्चीवर. त्याचाच पिंजरा तिथे ठेवावा, दार तारेने उघडं बांधून, आत ओळखीच्या वाट्या. घरात दुसरा पक्षी असेल तर त्याला वेगळ्या पिंजऱ्यात शेजारी ठेवावं, त्याच्या हाकेइतकी कशाचीच ताकद नाही. शीळ घालावी आणि मग गप्प राहून पूर्ण मिनिटभर ऐकावं. उत्तर आलं तरी आपल्याच आवाजात ते बुडतं, हे कुणी लक्षात घेत नाही. भर दुपारी तो गप्प असतो. उजाडताना आणि दुपारी चारनंतर बोलतो.

अंधार पडल्यावर धरायचं असेल तर सूर्य मावळायच्या आधी बसलेली फांदी नक्की हेरून ठेवायची. अंधारात त्याला दिसत नाही, त्यामुळे टॉवेल टाकून धरता येतं. पण हात चुकला तर तो आंधळेपणाने उडतो आणि मग कुठे आदळेल सांगता येत नाही. फांदी हाताच्या टप्प्यात असेल तरच हे करावं. नाहीतर पहाटेची वाट पाहिलेली बरी, तेव्हा तो भुकेला असतो आणि उजेडही येत असतो.

आणि वारा. पक्षी किनाऱ्यावरच्या करंजाळ्याचा, सापडला आत ताळगावात. दुपारी समुद्रावरचं वारं जमिनीकडे वाहतं, आणि घाबरलेला पक्षी वाऱ्याशी भांडत बसत नाही, वाहवत जातो. बाईंनी शोधलं ते किनाऱ्याच्या बाजूला, सुरूच्या झाडांत. मनापासून शोधलं असणार, आवाजावरून कळत होतं.

चवथीत, म्हणजे गणेशचतुर्थीत, दरवर्षी हे असंच होतं. घरात माणसं वाढलेली, दार सताड उघडं, डोक्यावर माटोळी, म्हणजे गणपतीवरची फळापानांची मांडवी, बांधलेली. वरून लोंबणाऱ्या नव्या वस्तूची कॉकटीलला फार धास्ती. बाहेर फटाक्यांची माळ लागली की समोर दिसेल त्या उजेडाकडे उडतो, आणि उजेड दारातूनच येत असतो. 'पंख कापलेत, जाणार कुठे' हे तर दर वेळी ऐकायला मिळतं. पिसं झडतात, नवी येतात, आणि त्यातली दोन-चार पूर्ण वाढलेली असली नि मागून वारा असला की तेवढं पुरतं. माटोळी चढायच्या आधी पिंजरा आतल्या खोलीत न्यावा. वाट्यांच्या सरकत्या दारांना कागदाची मोठी क्लिप लावावी, चोचीने ती दारं वर उचलायला कॉकटीलला शिकवावं लागत नाही. एवढंच. पण हे चवथीआधी सांगितलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही.

हा सापडला तो पोदेरामुळे, म्हणजे दारोदार पाव विकणाऱ्यामुळे. सकाळ-संध्याकाळ त्याच गल्ल्या, त्याच कंपाउंडच्या भिंती, प्रत्येक बाल्कांवाकडे, म्हणजे घरापुढच्या ओसरीकडे, नजर. पक्षी हरवला की आधी पोदेराला सांगावं, मग मासळीवाल्या बायकांना, मग वॉचमनना. व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो बघून लोक हळहळतात आणि पुढे जातात, त्यांच्यातलं वर बघत कुणीच चालत नाही. सांगताना 'कॉकटील' म्हणूनही भागत नाही. बुलबुलापेक्षा मोठा, डोक्यावर लांब तुरा, गालावर केशरी टिकली, असं सांगितलं की पोदेराच्या डोळ्यांपुढे उभा राहतो.

ज्यांच्या घरी तो सापडला त्या वहिनींनी मात्र सगळं नीट केलं. मांजर दिसलं म्हणून लगेच टोपली झाकली, अंगावर दात लागलेला नाही हे पिसं फुंकून बघितलं. मांजराचा दात लागला असता तर जखम दिसो न दिसो, त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेऊन प्रतिजैविक सुरू करावं लागलं असतं, एवढ्याशा जिवाला ते विष झपाट्याने चढतं. खोक्याच्या निम्म्या भागाखाली टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी, म्हणजे उकडलं तर त्याला दुसऱ्या बाजूला सरकता येतं. उथळ ताटलीत पाणी. चोचीत पाणी ओतलं नाही, याचं मला फार बरं वाटलं, ते फुप्फुसात जातं आणि वाचलेला पक्षी आपल्या हाताने जातो. दुधात भिजवलेला पावही दिला नाही. दूध पक्ष्याला पचत नाही, हे किती जणांना सांगायचं. धरतानाही छातीवर दाब दिला नाही. पक्ष्याला माणसासारखं श्वासपटल, म्हणजे छाती नि पोटामधला स्नायूंचा पडदा, नसतं, श्वासाबरोबर छातीचं हाड पुढेमागे हलावं लागतं. ते आवळलं की गुदमरतो, नाकतोंड मोकळं असलं तरी.

मग माझं काम. फोटो टाकला तो पाय झाकून. पायात बंद रिंग आहे, पिल्लू काही दिवसांचं असताना घातलेली, तिच्यावर साल आणि नंबर. त्या नंबरावरून पोचता येतं ते फार तर ब्रीडरपर्यंत, पुढे दुकान, पुढे कुणी लिहून ठेवलेलं नसतं. पण तो नंबर मालकाच्या जुन्या फोटोत असतो, आणि खोट्या मालकाकडे नसतो. म्हणून तो कधीही दाखवायचा नाही. नखं, मोडकं पीस, शीळ, यांतलंही काही आपणहून बोलायचं नाही, समोरच्याला सांगू द्यायचं. आफ्रिकन ग्रे किंवा मकाव असा मोठा विदेशी पोपट असता तर केंद्राच्या पर्यावरण खात्याच्या परिवेश पोर्टलवरच्या नोंदणीचा कागद मागता आला असता, २०२४ च्या नियमांनी तो लागतो. कॉकटील आणि बजी त्या यादीत येत नाहीत, इथे सगळा भरवसा खुणांवर. बऱ्याच जणांचे फोन आले. पहिला प्रश्न 'बोलतो का?' विचारणारे मी लगेच ओळखते.

आपला हिरवा कीर, म्हणजे इथला साधा पोपट, सापडतो तेव्हा यातलं काहीच नसतं. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो पाळताच येत नाही, वनखात्याला कळवायचं आणि हात मोकळे. तो कुणाचं तरी नाव घेऊन हाका मारत असतो. त्याबद्दल आज नको.

या बाईंनी विचारलं नव्हतं, बोलतो का. त्यांनी सांगितलं, उजव्या पायाच्या एका बोटाला नख नाही. बरोबर होतं. जुना व्हिडिओ पाठवला, त्यात रिंगचे शेवटचे आकडे वाचता आले. त्यात एक छोटी मुलगी शीळ घालते आणि हा पुढची ओळ पुरी करतो. खोक्यात हा तीच पुढची ओळ वाजवतो. आधीची येत नाही म्हणून थांबतो, तुरा ताठ करून, मग पुन्हा तीच. आणि एवढं सगळं जुळल्यावर, 'राहू दे हो.'

खरं सांगायचं तर मला माझंच वाईट वाटलं. फोन उचलायचे, रात्री उठून टॉवेल बदलायचा, डॉक्टरांकडे न्यायचं, लोकांची पारख करायची, आणि शेवटी समोरचा म्हणणार की आमच्यापुरती गोष्ट संपली. कुणासाठी मग? दुपारभर चिडचीड करत भांडी घासली.

संध्याकाळी वहिनी राळे घेऊन आल्या, त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग सहा वर्षांच्या पोरीला काय सांगायचं होतं तिने? कावळ्यांनी खाल्ला?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी त्या 'सुटला'कडे बघत होते पक्ष्याच्या बाजूने, आणि तो शब्द पक्ष्यासाठी नव्हताच. संध्याकाळी जेवायला न बसणाऱ्या पोरीसाठी होता. एकदा रान सांगितल्यावर तोच पक्षी परत घरात आणायचा म्हणजे आईलाच खोटं पाडायचं. तिला सौम्यपणे नाही म्हणावं लागलं, त्यात माझ्याशी वागण्याचा प्रश्नच नव्हता. मुलांना निम्मं खरं सांगता येतं खरं तर. तो वाट चुकला, त्याला भूक लागली, कुणीतरी त्याला आत घेतलं. रानापेक्षा ही गोष्ट मुलं लवकर मानतात. पण हे आईला फोनवर कसं सांगणार.

नाही नेला तरी काही अडत नाही, राहील. त्याला घर देणारी माणसं आहेत, वहिनींचाही डोळा आहे त्याच्यावर. आज ७४ ग्रॅम भरला.

आत्ता बाईंचा मेसेज आलाय. "दुसरा घरात असताना याला वेगळ्या खोलीत ठेवावं लागतं का?"

लिहिलं, हो. कमीत कमी ३० दिवस, दार लागणाऱ्या खोलीत. नुसता वेगळा पिंजरा चालणार नाही, पिसांची आणि वाळलेल्या विष्ठेची धूळ हवेतून जाते. वाट्या आणि फडकी वेगळी. आधी घरात असलेल्या दुसऱ्या पक्ष्याचं सगळं करायचं, मग या परत येणाऱ्याचं, मग साबणाने हात. ट्रे कोरडा झाडायचा नाही, कागद ओला करून गुंडाळायचा, आणि ते काम घरातल्या म्हाताऱ्या माणसाला किंवा कुणी गरोदर असेल तर तिला द्यायचं नाही. डॉक्टरांकडून दोघांची विष्ठा तपासून घ्यायची. भिंतीपलीकडून एकमेकांना हाका मारतील, मारू देत. आठवडाभर रात्री मंद दिवा ठेवायचा, नव्या जागी अंधारात दचकून फडफडतात आणि पिसं मोडून घेतात.

येणार का, ते विचारलं नाही. जुना पिंजरा अजून आहे का, एवढंच विचारलं. असेल तर तोच लागेल, वाट्या आणि दांड्या पूर्वीच्याच जागी लावून.

माळ्यावर आहे म्हणाल्या, उद्या काढून धुते.