पिसासाठी पाळलेला कोंबडा

कोंबडी म्हटलं की आपल्याकडे अंडी नाहीतर रस्सा, पण अमेरिकेत काही लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या कोंबडे निवडले ते फक्त पिसांसाठी, ट्राऊट मासा पकडायच्या गळावर खोटी माशी बांधायला. मला हे काम प्रचंड आवडतं, कारण यात पारखी नजर लागते. हे कोंबडे निवडणारे म्हणजे न्यूयॉर्कच्या कॅट्सकिलमधले हॅरी डार्बी, मिनेसोटाचे अँडी मायनर, ओरेगॉनचे हेन्री हॉफमन, आणि हॉफमनची जात १९८९ला घेऊन कोलोरॅडोत वाढवणारे डॉ. टॉम व्हायटिंग.

मानेचं एक पीस घ्या, वाकवा, बाजूचे तंतू ताठ उभे राहतात. आता बघायचं काय, तर तंतू आखूड आणि कडक हवेत, मधली काडी बारीक आणि लवचिक हवी म्हणजे गळाला गुंडाळताना ती पिळवटत नाही, आणि बुडाशी जो मऊ कापसासारखा भाग असतो तो कमीत कमी, कारण तो पाणी पितो आणि माशी बुडते. कोंबडीत हे पीस दिसतच नाही, तरी निम्मे गुण तिच्याकडून येतात, म्हणून तिचे भाऊ आणि मुलगे बघून तिला निवडावं लागतं!! ब्रॉयलर दीडेक महिन्यात तयार, इथे नर जवळजवळ वर्षभर सांभाळायचा, तेही वेगळ्या पिंजऱ्यात, नाहीतर भांडून पिसं खराब करतात.

आणि हो, आपल्या सह्याद्रीतल्या राखी रानकोंबड्याच्या मानेवरची चकचकीत ठिपक्यांची पिसंही सॅल्मन मासा पकडायच्या खोट्या माश्यांसाठी खूप गेली, आता त्याला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे ते फार बरं झालं.