बुडालेला कागद

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतील ज्या छोट्या कारखान्यात मी उत्पादनाची देखरेख करतो, तेथे शेतातून निघालेल्या जुन्या प्लास्टिकचा दाणा तयार होतो. ठिबकच्या फुटक्या नळ्या आणि मल्चिंगचा, म्हणजे तण रोखायला वाफ्यांवर अंथरलेला, फाटका कागद हा आमचा मुख्य कच्चा माल. कागद म्हणायचे, पण असते ते पॉलिथिन; शेतकऱ्यापासून भंगारवाल्यापर्यंत त्याला प्लास्टिक म्हणणारा माणूस मला अद्याप भेटलेला नाही.

गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी एक्स्ट्रूडरमधून, म्हणजे प्लास्टिक वितळवून बाहेर ढकलणाऱ्या यंत्रातून, निघणाऱ्या प्लास्टिकच्या तारा तुटू लागल्या. एरवी शेवयांसारख्या सलग निघून पाण्यातून कटरपर्यंत जाणाऱ्या या तारांवर त्या दिवशी फोड आले होते आणि दर दोन-तीन हातांवर त्या आपोआप गळून पडत होत्या. तासाभरात वितळलेला माल गाळणारी जाळी दोनदा बदलून झाली. मालात ओल राहिली असावी असे समजून तो पुन्हा वाळवून लावला. फोड थोडे कमी झाले, तारा मात्र तुटतच राहिल्या.

दुपारी धुण्याचा हौद उपसला तेव्हा गाळात काळ्या कागदाचे तुकडे सापडले. हे विचित्र होते. पाण्याची घनता १ धरली तर पॉलिथिनची साधारण ०.९२ असते, म्हणजे ते पाण्यावर तरंगते आणि माती-खडे खाली बसतात. आमची सगळी धुलाई याच एका गोष्टीवर चालते. एक तुकडा साबणाने स्वच्छ चोळून बादलीत दाबून सोडला. तो सावकाश तळाशी जाऊन बसला. खडूची भुकटी मिसळलेला हलका माल असेल, ही पहिली शंका. म्हणून त्याला लायटर लावला, पण पांढरी राख उरली नाही आणि पॉलिथिन जळताना येतो तो मेणबत्तीचा वासही आला नाही.

भंगारवाल्याच्या वहीवरून माग काढत संध्याकाळी वाळवा तालुक्यातील एका टोमॅटोच्या रानात पोहोचलो. शेडमध्ये रिकाम्या पुठ्ठ्याच्या नळीवर इंग्रजीत छापलेले होते, की हा जैवविघटनशील कागद असून पीक निघाल्यावर तो जमिनीत नांगरून टाकावा. एका कंपनीच्या प्रतिनिधीने चाचणीसाठी शेतकऱ्याला दोन गुंडाळ्या फुकट दिल्या होत्या.

"रानातच राहू दे म्हणाला हुता की," शेतकरी म्हणाला. "पण साहेब, मागचा कागद सहा वर्सं झाली, अजून नांगराला निघतोय. ह्यो तरी कुजंल कशावरनं? म्हणून सगळा येचला आन् दिला भंगारात."

त्याला दोष कसा देणार? पॉलिथिनचा कागद नीट गोळा करा, असे आम्हीच गावोगाव सांगत फिरतो. कुजणाऱ्या कागदात बहुधा पीबीएटी आणि पीएलए ही पॉलिएस्टरे असतात. त्यांची घनता १.२५च्या आसपास असल्याने ती बुडतात, पण काही तुकडे तरंगणाऱ्या कागदाच्या घड्यांत अडकून पुढे गेले होते. वितळलेल्या पॉलिथिनमध्ये ती एकजीव होत नाहीत, आणि राहिलेल्या ओलीमुळे त्या उष्णतेत त्यांच्या रेणूंच्या साखळ्याच तुटतात. आमच्या तारा तुटत होत्या त्या यामुळे. अशा कागदासाठीचे २०१८चे युरोपीय मानक जमिनीत दोन वर्षांत ९० टक्के विघटनाची अट घालते. "कंपोस्टेबल" असा शिक्का असलेल्या पिशवीची चाचणी मात्र ५८ अंशांच्या गरम कंपोस्टात होते, आणि तेवढी ऊब आपल्या बांधावरच्या उकिरड्यात सतत टिकेल याचा भरवसा नाही. हा फरक मी त्याला समजावून सांगितला. त्याने मान डोलावली, उरलेला हातभर तुकडा बांधाच्या कोपऱ्यात पुरला आणि खूण म्हणून वर वीट ठेवली.

तो लॉट वाया गेला. त्यातला दाणा पाइपवाल्याने परत पाठवला, कारण त्याच्या नळ्या वाकवताच चिरत होत्या. मालकांनी एक दिवस माझ्याशी बोलणे टाळले, ते साहजिकच होते.

आता फाटकाजवळच पाण्याची बादली आणि साबण ठेवलेला असतो. गाडी आत येण्याआधी प्रत्येक गठ्ठ्यातून चार-पाच तुकडे काढून, चोळून बुडवून पाहतो. भंगारवाला रोज कुरकुरतो, की तुमच्याकडे माल घालायचा म्हणजे कागदालाही परीक्षेला बसवावे लागते. शेतकऱ्याला मी दिवाळीनंतर येतो म्हणून सांगितले आहे. वीट त्याने तोवर उचलायची नाही, असे ठरले आहे.