ढब्बूचं वजन

आज माझ्या कुत्र्याला, ढब्बूला, उचलून वजनकाट्यावर उभी राहिले, मग एकटी उभी राहिले आणि वजाबाकी केली. ११ किलो ४००! आणला तेव्हा ९ किलो ८०० होता. (नाव मुद्दामच ठेवलंय. तेव्हा त्याच्या बरगड्या लांबूनही मोजता यायच्या.)

पहिल्या दिवशी मी टोपभर खायला घालायला निघाले होते, डॉक्टरांनी अडवलं. बरेच दिवस उपाशी राहिलेल्या कुत्र्याला एकदम भरपूर घातलं तर रक्तातलं फॉस्फरस आणि पोटॅशियम झपाट्याने खाली येतं, अगदी जिवावर बेतू शकतं म्हणे. मग सुरुवातीला दिवसातून ५-६ वेळा, मूठ-मूठभर. तो वाटी चाटूनपुसून माझ्याकडे बघायचा, मी भिंतीकडे. जंताचं औषधही झालं. पोटात जंत असले की घातलेलं अंगी लागत नाही.

आज पहिल्यांदाच त्याने वाटीत चार दाणे ठेवले आणि जाऊन झोपला. मी घाबरलेच, आजारी पडला की काय! नाक गार, शेपूट हलतेय. पोट भरलं होतं, एवढंच.

कणा अजून हाताला टोचतो. पण बरगड्यांवर बोट फिरवलं की आता मध्ये काहीतरी मऊ लागतं.