मोजमापांचा भरवसा, सातवी नोंद : सतरा माणसे आणि दोन मीटर

मागच्या नोंदीत विश्वसनीयता आणि वैधता यांतला भेद मांडून मी थांबले होते. तीच गोष्ट पुन्हा मोजली तर तेच उत्तर मिळते का, हा विश्वसनीयतेचा प्रश्न आहे आणि मिळालेले उत्तर खरोखर त्याच गोष्टीचे आहे का, हा वैधतेचा. त्यानंतरचे सहा आठवडे पहिल्या प्रश्नातच गेले, आणि त्यातलेही बहुतेक दिवस एकाच तक्त्यावर. आरोग्यविषयक संशोधन वाचण्याचा छंद असलेल्या प्रत्येकाने हा तक्ता एकदा तरी स्वतःच्या हाताने सोडवावा, असे मला आता मनापासून वाटते.

मार्टिन ब्लँड आणि डग्लस ऑल्टमन यांनी १९८६ साली ‘द लॅन्सेट’मध्ये दोन मापनपद्धतींची सहमती कशी तपासावी यावर लेख लिहिला, त्यातला हा तक्ता. पूर्ण श्वास भरून घेऊन तो जोराने सोडताना हवेचा वेग जास्तीत जास्त किती होतो, हे पीक फ्लो मीटर लिटर प्रति मिनिट या एककात दाखवते. सतरा जणांनी मोठ्या राइट मीटरमध्ये दोनदा आणि छोट्या मिनी राइट मीटरमध्ये दोनदा फुंकले. एकूण आकडे ६८. ते मी स्प्रेडशीटमध्ये एकेक करून भरले आणि दुसऱ्या दिवशी ताज्या डोळ्यांनी मूळ तक्त्याशी पुन्हा ताडून पाहिले.

प्रत्येक मीटरची पहिली फुंकर घेऊन दोन्ही मीटरांमधला सहसंबंध गुणांक (दोन आकडे किती सोबतीने वाढतात-घटतात ते सांगणारा, पूर्ण मेळ असेल तर १) काढला तर तो ०.९४ येतो. सहा महिन्यांपूर्वीची मी एवढ्यावर समाधान मानून दोन्ही मीटर सारखेच आहेत असे लिहिले असते. पण प्रत्येक माणसासाठी मोठ्या मीटरच्या आकड्यातून छोट्याचा आकडा वजा केला की चित्र पार बदलते. फरकांची सरासरी केवळ –२.१ आहे, म्हणजे एक मीटर सरसकट जास्त दाखवते असे काही नाही. मात्र फरकांचे प्रमाण विचलन, म्हणजे ते सरासरीभोवती किती विखुरले आहेत याचे माप, ३८.८ आहे. सरासरीच्या दोन्ही बाजूंना दोन प्रमाण विचलने घेतली की सहमतीच्या मर्यादा, म्हणजे बहुतेक फरक ज्यांच्या आत पडतील अशा सीमा, –७९.७ ते ७५.५ अशा मिळतात. एका मीटरने ४०० दाखवले तर दुसरे ३३० दाखवील की ४७० हे सांगता येत नाही, असा याचा अर्थ. श्वासाच्या विकारात औषधाचा परिणाम झाला की नाही हे ठरवताना एवढी तफावत कोणालाही परवडणारी नाही.

मग ०.९४ आला कुठून? या प्रश्नासाठी मी एक प्रयोग केला आणि या नोंदीतले सर्वांत मोलाचे काम मी यालाच मानते. मोठ्या मीटरवर ज्यांची पहिली नोंद १७८, २६७, ५५७, ६५० आणि ६५६ अशी होती, ते दोन्ही टोकांचे पाच जण बाजूला ठेवले आणि ३९५ ते ५१६ या मधल्या पट्ट्यातले बारा जणच घेतले. फरकांचे प्रमाण विचलन ३८.८ वरून ३६.२ वर आले, म्हणजे मीटरांमधली तफावत होती तेवढीच राहिली. सहसंबंध गुणांक मात्र ०.९४ वरून ०.७७ पर्यंत घसरला. मीटर तेच, फुंकरी त्याच, एकमेकांशी न जुळण्याचे प्रमाणही तेच. बदलला तो फक्त माणसांचा फैलाव. टोकाची माणसे घेतली की गुणांक फुगतो आणि एकसारखी माणसे घेतली की आकसतो. अमुक मापनाची विश्वसनीयता ०.९ आहे हे वाक्य यापुढे वाचले की मी आधी विचारणार, ती कोणत्या लोकांमध्ये तपासली होती? निरोगी, आजारी, लहान, वृद्ध अशा सरमिसळ गटात मिळालेला गुणांक एकाच प्रकारच्या रुग्णांच्या चाचणीत तसाच्या तसा लागू होत नाही, आणि नेमकी हीच उचल लेखांमध्ये वारंवार झालेली दिसते.

हीच अडचण आयसीसीलाही (इंट्राक्लास कोरिलेशन कोइफिशिएंट या विश्वसनीयतेच्या गुणांकालाही) आहे. आकड्यांच्या एकूण फैलावातला किती हिस्सा माणसामाणसांतल्या खऱ्या फरकामुळे आला, हे आयसीसी सांगतो. साहजिकच माणसे जितकी वेगवेगळी, तितका हा हिस्सा मोठा. प्रत्येक मीटरच्या दोन फुंकरींवरून साधा एकमार्गी आयसीसी काढला तर मोठ्या मीटरसाठी ०.९८ आणि छोट्यासाठी ०.९७ येतो. दोन्ही आकडे पाहून दोन्ही मीटरांत काही फरकच नाही असे वाटते. पण एककात उतरल्यावर, म्हणजे एकाच माणसाच्या दोन फुंकरींत सहसा जास्तीत जास्त किती अंतर पडेल हे काढल्यावर, मोठ्या मीटरसाठी ते सुमारे ४३ आणि छोट्यासाठी सुमारे ५६ लिटर प्रति मिनिट भरते. आयसीसीचे अनेक प्रकार आहेत, श्राउट आणि फ्लाइस यांनी १९७९ मध्ये सहा मांडले, आणि कोणता प्रकार वापरला हे न सांगता नुसता आकडा देणारे लेख मी सध्या बाजूला ठेवते.

आता तक्त्यातल्या दोन ओळी जवळून पाहू, कारण चुकांचे दोन वेगळे स्वभाव मला त्यांच्यातच स्पष्ट दिसले. सातव्या माणसाने मोठ्या मीटरवर ४१३ आणि ४१५ अशा जवळजवळ एकसारख्या फुंकरी मारल्या, तर छोट्यावर ३६४ आणि लगेच ४६०. हा ९६ चा फरक त्या एका वेळेचा आहे. ओठ नीट मिटले नसतील, श्वास अपुरा भरला असेल, कारण काहीही असू शकते, पण अनेक फुंकरींची सरासरी घेतली की अशी चूक विरत जाते. पंधराव्या माणसाचे तसे नाही. मोठ्या मीटरवर १७८ आणि १६५, छोट्यावर २५९ आणि २६८. प्रत्येक मीटर स्वतःशी अगदी प्रामाणिक आहे आणि तरीही दोघांत ८० ते १०० चे अंतर आहे. या माणसाने आणखी वीस वेळा फुंकले तरी हे अंतर बुजण्याची आशा मला वाटत नाही, कारण ते त्या माणसाच्या आणि त्या मीटरच्या जोडीतच बसलेले दिसते. पुनरावृत्तीने बरी होणारी चूक आणि न होणारी चूक हा भेद पुस्तकी व्याख्येतून माझ्या लक्षात कधी राहिला नव्हता. या दोन ओळींनी तो कायमचा पक्का केला.

सातव्या माणसाच्या बाबतीत एक मोह झाला, तोही नोंदवते. छोट्या मीटरच्या दोन फुंकरींतल्या प्रत्येक फरकाला त्यानेच गुणून सर्वांची बेरीज केली तर ती १३४७९ येते आणि त्यातले ९२१६, म्हणजे ६८ टक्के, या एकट्याचे आहेत. त्याला वगळले की छोट्या मीटरचे ५६ हे अंतर थेट ३३ पर्यंत उतरते आणि ते मोठ्याच्या ४३ पेक्षाही सरस ठरते. ‘एक विचित्र नोंद वगळली’ असे लिहून मोकळे होणे किती सोपे आहे, हे तेव्हा कळले. मग तीच कसोटी मोठ्या मीटरलाही लावली. तिथे सहाव्या आणि सोळाव्या माणसाचे ५४ आणि ५१ हे फरक मिळून बेरजेचा ६९ टक्के भाग व्यापतात, आणि त्या दोघांना वगळले की ४३ चे २६ होतात. एका बाजूची अवघड नोंद काढायची आणि दुसऱ्या बाजूची ठेवायची, याला न्याय म्हणत नाहीत. मी तिन्ही नोंदी ठेवल्या आहेत.

होय-नाही प्रकारच्या निदानांत दोन परीक्षकांची सहमती मोजणाऱ्या कॅपा या गुणांकाकडे या वेळी थोडाच वेळ देता आला. जेकब कोहेन यांनी तो १९६० मध्ये मांडला. दोन परीक्षक निव्वळ योगायोगाने जितके सहमत झाले असते, तेवढा भाग तो वजा करतो. मी सरावासाठी १०० नोंदींची दोन काल्पनिक उदाहरणे केली. पहिल्यात ४० ठिकाणी दोघेही ‘होय’, ४० ठिकाणी दोघेही ‘नाही’ आणि दोन्ही बाजूंना १०-१० मतभेद. सहमती ८० टक्के, कॅपा ०.६०. दुसऱ्यात ८० ठिकाणी दोघेही ‘होय’, दोघेही ‘नाही’ असे एकही नाही आणि मतभेद पुन्हा १०-१०. सहमती तीच ८० टक्के, पण कॅपा –०.११. इथेही गुणांकाला आजार किती जणांत आहे याचा रंग लागतोच. कॅपा देणाऱ्या लेखाने चार रकान्यांचा मूळ तक्ता दिलाच पाहिजे, अशी माझी ठाम अपेक्षा आहे.

आता मी स्वतः करत असलेल्या प्रत्यक्ष मोजणीकडे. कमरेचा घेर मी जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीने, सर्वांत खालच्या बरगडीची कडा आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या बरोबर मध्यावर, श्वास सहज सोडून झाल्यावर मोजते. सुरुवातीच्या नोंदींत माझे पहिले आणि दुसरे माप बहुतेक वेळा तंतोतंत जुळत होते आणि त्याचा मला आनंदही झाला होता. वही नीट चाळल्यावर लक्षात आले की जवळपास सर्व आकडे पूर्ण किंवा अर्ध्या सेंटिमीटरवरच संपत आहेत, आणि दुसऱ्यांदा टेप वाचताना पहिला आकडा माझ्या डोक्यात आधीच बसलेला आहे. डोळे टेपवर नव्हे, त्या आकड्यावर जात होते. अशा जुळण्याला पुनरावृत्ती म्हणता येत नाही, कारण दुसरी मोजणी पहिलीपासून स्वतंत्रच नव्हती. रक्तदाबाच्या संशोधनात याच दोषावर उपाय म्हणून एके काळी शून्य सरकवणारे यंत्र वापरत असत. त्याचे शून्य दर वेळी यदृच्छेने हलवलेले असे आणि किती हलवले होते ते मोजणी संपल्यावरच कळे, मग ते वजा करायचे.

माझा उपाय साधा आहे. आकडे नसलेली, न ताणली जाणारी सुती फीत कमरेभोवती गुंडाळायची, टोक जिथे मिळेल तिथे टाचणी टोचायची आणि फीत तशीच सहकाऱ्याकडे द्यायची. तो ती पट्टीवर मोजतो, मिलिमीटरपर्यंतचा आकडा मला न दाखवता लिहितो आणि टाचणी काढून फीत परत देतो. टाचणीच्या जुन्या भोकावरून मागचे माप कळू नये म्हणून दर वेळी नवी फीत कापते. अशी मोजणी सुरू केल्यापासून दोन मापांतले अंतर स्पष्टपणे वाढले आहे. कधी काही मिलिमीटर, कधी सेंटिमीटरभर, आणि जेवणानंतर मोजले तर त्याहूनही जास्त. हे अंतर आधीही होतेच; आता ते वहीत उतरते आहे.

राहिला प्रश्न किती माणसे घ्यायची हा. एकाच माणसाच्या मोजणीतले प्रमाण विचलन किती अचूक कळेल हे माणसांची संख्या गुणिले (मोजण्यांची संख्या वजा एक) या गुणाकारावर ठरते. त्याच्या दुपटीचे वर्गमूळ काढून १.९६ ला त्याने भागायचे. सतरा माणसे आणि दोन फुंकरी घेतल्या तर उत्तर सुमारे ०.३४ येते, म्हणजे अंदाज ३४ टक्के इकडे-तिकडे असू शकतो. एका माणसाच्या फुंकरींचे प्रमाण विचलन मोठ्या मीटरसाठी १५.३ आणि छोट्यासाठी १९.९ आहे, आणि एवढ्या तुटपुंज्या अचूकतेवर या दोन मीटरांपैकी सरस कोणते हे ठरवता येत नाही, म्हणून वरच्या ४३ आणि ५६ वरून मी काही निष्कर्ष काढलेला नाही. कमरेच्या मापासाठी मला २० टक्क्यांपर्यंतची अचूकता पुरेशी वाटते. त्यासाठी ४८ माणसे दोनदा किंवा २४ माणसे तीनदा मोजावी लागतील. माझ्याकडे २४ जणांचा होकार आहे, तेव्हा तीनदा मोजायचे ठरले आहे, आणि ७२ फिती कापून तयार आहेत.