वाढत्या अंगाचं जॅकेट

एप्रिलमध्ये शाहूपुरीतल्या आमच्या दुकानात गर्दी असते ती उन्हाळी शिबिरांना जाणाऱ्या पोरांची. बॅट, पॅड, फुटबॉलचे स्टड, तालमीतल्या पोरांसाठी लंगोट आणि नी-कॅप. त्यामुळे शिरोली एमआयडीसीत फाउंड्री असलेले एक गृहस्थ बायकोमुलांसह आत आले आणि "वेकबोर्ड दाखवा" म्हणाले, तेव्हा आमच्या पोऱ्यानं त्यांना सरळ कॅरमच्या मांडणीकडं नेलं.

मी काउंटर सोडून उठलो. मधली काही वर्षं मी अबुधाबीत एका क्लबच्या बोटीवर होतो. शिकाऊ पोरांना बोटीमागं दोरीनं ओढत पाण्यावर उभं करायचं, हेच काम. कोल्हापुरात परत आल्यापासून त्याबद्दल कुणी एका शब्दानं विचारलं नव्हतं.

पोरांचा मामा मिनेसोटात. घरामागं तळं, तळ्यात स्वतःची मोटारबोट. सुट्टीत भाचरं येणार म्हणून त्याचा बेत: बोटीमागं दोरी धरून थोरल्याला दोन पट्ट्यांवर स्कीइंग, धाकटीला एकाच रुंद फळीवर आडवं उभं राहून वेकबोर्डिंग. थोरला सोळाचा, अडुसष्ट किलो, रोज तालमीत जाणारा. धाकटी तेराची, बेचाळीस किलो, पोहण्यात तरबेज.

"तिकडं सगळं डॉलरात. म्हटलं इथनंच न्यावं," वडील म्हणाले.

मी स्पष्ट सांगितलं, स्की आणि बोर्ड आम्ही ठेवत नाही. दुसरीकडून मागवून विमानानं न्यायचे म्हटलं तर त्यात काही वाचणार नाही. तिथं जुनं सामानही चांगलं मिळतं. यावर त्यांनी पिशवीतून दोन केशरी लाइफ जॅकेटं काढून काउंटरवर ठेवली. ऑनलाइन मागवलेली, जाडजूड.

"ही तरी चालतील की. महापुरात असलीच होती बोटीवाल्यांच्या अंगात. आणि एक नंबर मोठीच घेतल्यात. वाढतं अंग हाय पोरांचं."

2019 चा पूर ज्यानं पाहिलाय त्याला केशरी जॅकेटाबद्दल आदर वाटणारच. पण ते घालून बोटीत बसणं वेगळं आणि ताशी तीस किलोमीटरच्या वेगात तोंडावर आपटणं वेगळं. मी धाकटीला जॅकेट घालायला लावलं, पट्टे आवळले, हात वर करायला सांगितले आणि दोन्ही खांद्यांशी धरून जॅकेट वर उचललं. ते तिच्या कानांपर्यंत आलं.

"हितं जमिनीवर काय कळतंय? पाण्यात बसतंय नीट," वडील हटायला तयार नव्हते.

"मग चला पाण्यात," त्यांच्या बायकोनं विषय संपवला.

संध्याकाळच्या बॅचआधी आम्ही अंबाई टँकवर, म्हणजे पोहण्याच्या तलावावर पोहोचलो. तिथला प्रशिक्षक ओळखीचा. पोरगी जॅकेटसकट काठावरून उडी मारून आत गेली. वर आली तेव्हा जॅकेट पाण्यावर तरंगत होतं आणि ती त्याच्या आत खाली घसरली होती. नाकातोंडावर केशरी कापड, दोन्ही हात वर अडकलेले. पोहता येत असूनही तिला हात मारता येईनात. प्रशिक्षकानं लगेच हात दिला. ती खोकत काठाला आली आणि बापाकडं बघून म्हणाली, "पप्पा, ह्यापेक्षा मी बिनजॅकेटचा बरा पोहतो."

वडील काही बोलले नाहीत. थोरल्यानं आपलं जॅकेट घालून बघायची तसदीच घेतली नाही.

गाडीत परतताना मी पोरांच्या आईला समजावत होतो. वह्या-पेन घेऊन बसावं तशा त्या मोबाइलवर टिपत होत्या. शाळेचा गणवेश दुमडून शिवतात, बूट एक नंबर मोठे घेऊन पुढं कापूस कोंबतात. आपल्याकडं सगळ्यांनीच ते केलंय आणि त्यात गैर काही नाही. या खेळातही काही वस्तू तशा चालतात. जॅकेट मात्र आजच्या अंगाचंच हवं. बोटीमागं ओढून घेण्यासाठी वेगळा, अंगाला चिकटून बसणारा प्रकार मिळतो, पुढं तीन-चार रुंद बकलांचा. हवा भरून फुगणारा प्रकार इथं कामाचा नाही. स्पर्धेतले लोक घालतात ती पातळ बनियनसारखीही नको, कारण त्यातली बरीच फक्त मार झेलतात, तरंगवण्याची हमी देत नाहीत. अमेरिकेत घ्यायचं तर आत तिथल्या कोस्ट गार्डच्या मान्यतेचा शिक्का बघायचा. लहानांची मापं वजनावर असतात आणि ती साधारण एक्केचाळीस किलोला संपतात. म्हणजे मुलगी नुकतीच मोठ्यांच्या मापात गेलेली, आणि तिथं छातीचा घेर बघतात. दुकानात आल्या आल्या जर्सीचा टेप काढून त्यांनी दोघांची मापं घेतली.

वेटसूटचंही, म्हणजे अंगाला चिकटून ऊब धरणाऱ्या रबरी पोशाखाचंही तेच. मेमध्ये मिनेसोटातलं तळं थंडगार असतं, त्याशिवाय भागणार नाही. सैल वेटसूटमध्ये प्रत्येक पडण्याबरोबर नवं गार पाणी आत शिरतं, मग तो घालून उपयोग काय?

सात वाजता मामाला व्हिडिओ कॉल लावला. तिकडं सकाळचे साडेआठ. मामा गॅरेजमध्ये उभा, हातात एक काळी कार्बनची स्की.

"दाजी, स्की विकत घ्यायचीच नाही! माझी आहे की."

मला हसू आलं. ती एकटीच वापरायची, दोन्ही पाय तिच्यावरच ठेवायची, मागं निमुळती होत गेलेली स्लॅलम स्की. तिला पाण्यावर तरंगत ठेवायला ताशी पन्नासच्या आसपास वेग लागतो. नवख्याला तिच्यावर उभं करणं म्हणजे त्याला या खेळातून कायमचं उठवणं. मी मामाला म्हटलं, ती तुम्ही वापरा, पोराला शिकाऊंची दोन स्कींची कॉम्बो जोडी आणा. पुढून मागून रुंद, त्यामुळं कमी वेगातही वर येते. अडुसष्ट किलोला सदुसष्ट इंची लागेल, आणि पाय अडकवायची बाइंडिंग मापानुसार सरकवता येणारी घ्या. त्यातल्या एका स्कीवर मागच्या पायासाठी जादा पट्टा असतो, म्हणजे पुढच्या वर्षी एकाच स्कीवर जायचं तरी तीच जोडी चालते. वाढतं अंग इथं धरा हवं तर, असं मी वडिलांकडं बघून म्हणालो. ते ओशाळून हसले.

वेकबोर्डला त्याहून मोकळीक. बोर्डचं माप वजनावर ठरतं आणि जरा मोठा बोर्ड शिकाऊला सोपाच जातो; हवेत उड्या मारायच्या असतील तेव्हा तो जड वाटेल, पण ते पुढचं. एकशे चौतीस सेंटिमीटरच्या आसपासचा एकच बोर्ड दोघांना पुरेल. बोर्डवर बसवायचे बूट पुढून उघडे घ्यायचे, म्हणजे बहीणभावाचे पाय एकाच जोडीत बसतात. बोर्डच्या तळाचा वाकडेपणा टोकापासून टोकापर्यंत सलग असलेला बघायचा, तसा बोर्ड पाण्यावरून सलग सरकतो. कोणता पाय पुढं, हे आम्ही दुकानातच काढलं. मोजे घालून दोघांना फरशीवर पळत येऊन घसरायला लावलं. धाकटीचा प्रत्येक वेळी उजवा पुढं आला, तेव्हा मामानं बूट त्या हिशेबानं फिरवून लावायचे ठरले. आमच्या पोऱ्यानंही दोनदा घसरून घेतलं, त्याचं कारण मी विचारलं नाही.

दोरीवरून मात्र मामाशी थोडी खडाखडी झाली. बोटीमागं हवेची ट्यूब ओढायची जुनी दोरी आहे, ती चालवू म्हणाला. मी कॅमेऱ्यासमोर धरायला लावली, तर हँडलजवळ पीळ सुटून धागे निघालेले. अशी ताणणारी दोरी हातातून सुटली की बोटीतल्या माणसाच्या तोंडावर येते. वेकबोर्डची दोरी जवळजवळ न ताणणारी असते, ती वेगळी घ्या म्हटलं. शिकताना ती आखूड करायची, म्हणजे ओढ थोडी वरून लागते आणि उठायला मदत होते.

खरी मजा पुढं आली. थोरल्याला पाण्यातून उठायचं कसं ते दाखवायला मी रस्सीखेचीची दोरी काढली, टोकाला हँडल म्हणून क्रिकेटचा स्टंप बांधला. पोरगा फरशीवर बसला, गुडघे छातीशी, हात सरळ. मी ओढायला लागलो. पैलवानच तो, त्यानं हँडल छातीशी घेतलं आणि मीच दोन पावलं त्याच्याकडं गेलो. सगळं दुकान हसलं.

"पैलवान, डाव उलटा आहे," मी म्हटलं. "इथं ओढणाऱ्याला जिंकू द्यायचं. तू हँडल छातीशी घेतलंस की मागं उताणा पडणार. हात सरळ ठेव, गुडघे आवळ, स्कीची टोकं पाण्याबाहेर ठेव आणि बोटीला तुला उभं करू दे."

त्याला ते पटेना. ताकद लावायची नाही, हे त्याच्या अंगाला माहीतच नव्हतं. तेव्हा मामा मध्ये पडला. त्याच्या घरापासून गाडीनं जाता येईल अशा लेक पेपिनवर 1922 मध्ये राल्फ सॅम्युएलसन नावाचा अठरा वर्षांचा पोरगा जगात पहिल्यांदा पाण्यावर स्की चालवायला शिकला. आधी पिंपाच्या फळ्या बांधून पाहिल्या, मग बर्फावरच्या स्की. दोन्ही बुडाल्या. मग लाकडाच्या रुंद फळ्या आणून त्यांची टोकं उकळत्या पाण्यात मऊ करून वर वाकवली. तरी जमेना. शेवटी मागं रेलून टोकं पाण्याबाहेर ठेवली, तेव्हा उठला. हँडल म्हणून त्यानं लोहाराकडून लोखंडी कडी करून घेतली होती.

"कडी कास्टिंगची का फोर्जिंगची?" वडिलांनी विचारलं. संध्याकाळभरात पहिल्यांदाच त्यांचा चेहरा खुलला होता.

पुढच्या खेपेला पोरानं हात सरळ ठेवले. मी ओढलं आणि तो आपोआप दोन पायांवर आला, जरा डगमगत.

शेवटचा मुद्दा आईचा. बोट चालवणारा पुढं बघणार, मग पाण्यातल्या पोरावर लक्ष कुणाचं? मी म्हटलं, त्यासाठी बोटीत आणखी एक माणूस मागं तोंड करून बसतोच. अंगठा वर म्हणजे वेग वाढवा, खाली म्हणजे कमी करा, मानेवरून आडवा हात म्हणजे थांबा. पडल्यावर डोक्यावर हात ठेवला तर ठीक आहे असं समजायचं. हात दिसला नाही तर बोट लगेच वळवायची. आणि पोराला वर घेताना इंजिन बंद, नुसतं न्यूट्रल नाही, कारण पंखा तिथंच खाली असतो.

"मी बसते मागं तोंड करून," त्या म्हणाल्या, आणि भावाला बजावलं, "मी सांगितलं की इंजिन बंद करायचं. तिथं दाजीचं ऐकायचं नाही."

बिल झालं दोन गॉगलचं आणि कानात घालायच्या बोळ्यांच्या एका पाकिटाचं. वडिलांनी त्यातही घासाघीस केली. केशरी जॅकेटं परत घेण्याची मुदत उलटून गेली होती, तेव्हा ती फाउंड्रीतल्या दोन मोठ्या माणसांना मापानं बसतात का ते बघून, पावसाळ्यात नदीकाठच्या गावी पाठवायचं ठरलं.